जास्तीचा स्वल्पविराम

गुरुवारी रात्री इद्रिस मुकादम क्रेनवरून उतरून केबिनमध्ये आला,
हेल्मेट काखेत, मानेवर मिठाची रेघ.
म्हणाला, "कोळवणकर, तुमच्या बोर्डावर अजून सोमवारच हाय."

होता खरा.
सोहारच्या आमच्या टर्मिनलचे अकरा धक्के
आणि अकराही धक्क्यांच्या डोक्यावर सोमवार, तारीख तीन.
मंगळवारची बोट "उद्या" म्हणून लावलेली,
ती तर रिकामी होऊन होर्मुझकडे निघूनही गेलेली.
तीन दिवस कुणाला कळलं नाही.
जहाजं तशीही उशिराच येतात.

मी कंस उघडत बसलो. लिस्पमध्ये दुसरं असतं काय,
कंसात कंस, त्यात कंस, कांद्यासारखं,
आणि डोळ्यांना पाणीही तसंच.

मॅक्रो म्हणजे आदल्या दिवशी येणारा मांडववाला.
त्याला नवरानवरी दिसत नाहीत,
पत्रिकेवरची नावं दिसतात.
तेवढ्यावर त्यानं खांब रोवायचे, झालर लावायची
आणि टेम्पो घेऊन निघून जायचं.
मुलगी सावळी की गोरी, मुलगा येतो की पळतो,
ते दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी.

माझ्या मॅक्रोत एक चल होता, "आज" नावाचा.
(बीजगणिताच्या बाई म्हणायच्या, चल म्हणजे जो बदलतो तो.
मला वाटायचं, चल म्हणजे निघायचं.)
त्या "आज"च्या पुढ्यात मीच टाकलेला एक स्वल्पविराम.
आपल्याकडे तो म्हणतो, जरा थांब.
लिस्पमध्ये तो म्हणतो, थांबू नको,
आत्ता, कंपाइल होतानाच, याची किंमत काढ.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
मांडववाल्यानं विचारलं, आज काय?
सर्व्हर म्हणाला, सोमवार.
मग नावाच्या जागी सोमवार चिणला गेला
आणि "आज" हा शब्दच राहिला नाही कुठे,
ज्याला उद्या पुन्हा काही विचारता येईल.

सगळंच उशिरा सोडवावं असं नाही.
धक्के अकरा, क्रेनची कुवत चाळीस टन,
हे आधीच गोठवलेलं बरं, रोज काय विचारायचं.
माझं आडनावही रत्नागिरीच्या एजंटनं
मी विमानात बसण्याआधीच सोडवून टाकलेलं:
अरबीत ळ नाही, व नाही,
कार्डावर मी कोलफनकर.
पगार त्या नावावर येतो. मीही हाक मारली की वळतो.

इद्रिस स्टुलावर बसून कडक चहा पीत ऐकत होता.
मांडववाल्यापर्यंत हसत होता.
मग खिशातून एक पावती काढली, मांडीवर सरळ केली.
"रय्यानला बूट घेतले काल. नंबर बारा.
मागल्या खेपेला बाराच आणले होते,
जरा सैल व्हायचे."
मागली खेप कधीची, मी विचारलं.
त्यानं बोटं मोजली. एका हाताची पुरली नाहीत.
"तीस महिने," म्हणाला, आणि चहा खाली ठेवला.

खिडकीबाहेर दिव्यांवर दमट हवा साचली होती,
एक कंटेनर अर्ध्यात टांगलेला,
खालून कुणीतरी मल्याळममध्ये ओरडत होतं.

मी स्वल्पविराम खोडला.
एक कळ, एकदाच.
आता मॅक्रो नुसतं नाव ठेवून पुढे जाईल,
किंमत ज्याची त्यानं, तिथं पोचल्यावर, बघावी.
पुन्हा कंपाइल. पुन्हा चढवलं.

बोर्ड काळा झाला, मग उजळला: शुक्रवार.
मी दचकलो, परत काही चुकलं की काय.
घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

इद्रिस जिन्यात थांबला.
"पावती असली म्हणजे परत घेतात ना?"
घेतात, म्हटलं. दुसरा नंबर देतात.
"नंबर नको," तो म्हणाला, हेल्मेट घालत.
"पैसेच घेतो. दापोलीत दुकान हाय.
पाय पुढं कर म्हणेन."